बियाण्यासाठी घर बांधताना



जवळजवळ चार वर्षांपूर्वी याच पत्रिकेत आम्ही कळवले होते की, अकोले तालुक्यातील एका ठाकरवाडीत बियाणे साठवण्याची खोली बांधत आहोत. आपण देणग्या पाठवल्या. एका मंडळीने तर हंगामाच्या सणाचे सगळे दान या कामाला दिले. खोली पूर्ण झाल्यावर तिचा फोटोही छापला होता. त्यात रंगवलेल्या भिंती, निळा पत्रा आणि दारात उभी असलेली वाडीतली माणसे दिसत होती. पुढे त्या खोलीचे काय झाले, हे मात्र आपल्याला कुणी सांगितले नाही. आराखडा माझा होता, म्हणून सांगण्याचे कामही माझ्याकडेच येते. त्या खोलीत ठेवलेले बियाणे मेले.

आता त्याच वाडीत दुसरी इमारत उभी आहे आणि तिने एक पूर्ण पावसाळा बियाण्यासह काढला आहे. पहिल्या खोलीत काय चुकले आणि दुसरी वेगळी कशी, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडतो. मी स्थापत्य अभियंता आहे. शाळा, दवाखाने, विहिरींचे कठडे असे बरेच काही बांधले आहे. बियाण्यासाठी मात्र कधी काही बांधले नव्हते, आणि त्यात वेगळे काही असते हे मला ठाऊकही नव्हते.

आधी वाडीविषयी. कळसूबाई ते हरिश्चंद्रगड या डोंगररांगेच्या कुशीतला हा भाग. जून ते सप्टेंबर पाऊस इतका की चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई, भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल किंवा हरभरा. बहुतेक घरांत भाताचे संकरित बियाणे दुकानातून येते. पण काही घरांत जुने वाण टिकून होते. वाडीतल्या एका आजीकडे काळभात होता. पूर्वी तो सगळ्यांकडे होता, पण त्या वेळी वाडीत फक्त तिच्याकडेच उरला होता.

जुने बी राखणारी बाई ते कधीच सगळे पेरत नाही. निम्मे पेरते, निम्मे मागे ठेवते. रोपे सडली, पाऊस लांबला, दुबार पेरणीची वेळ आली तर हे मागे ठेवलेले कामाला येते. म्हणजे भाताच्या राखीव बियाण्याला एक पूर्ण पावसाळा घरात काढावा लागतो. वाल-हरभऱ्याचे तर सगळेच बी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला बाहेर पडते. त्याला पावसाळा चुकतच नाही. डोंगरात बियाणे राखायचे म्हणजे त्याला पावसाळ्याच्या पलीकडे जिवंत न्यायचे. मला हे नंतर कळले.

आमची पहिली खोली अशी होती. विटांची भिंत, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर पत्रा, हवा खेळती राहावी म्हणून दोन मोठ्या जाळीच्या खिडक्या आणि गुळगुळीत कोबा. मे महिन्यात गिलावा झाला, त्यावर आम्ही पंधरा दिवस पाणी मारले, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रार्थना करून बियाणे आत ठेवले. आजी आपले राखीव काळभाताचे गाठोडे द्यायला तयार नव्हती. ती दरवर्षी ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवत असे. आम्हीच आग्रह केला. पक्क्या खोलीत सुरक्षित राहील, उंदीर लागणार नाहीत, आग लागली तर जाणार नाही, असे मी स्वतः तिला सांगितले.

त्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने तिचे उभे भात आडवे केले आणि लोंब्यांतच दाण्यांना मोड आले. खायला काही हाती लागले, पेरायला नाही. आमच्या खोलीतला वाल तेव्हाच भुंग्यांनी भोकाभोकांचा झाला होता. तरीही भात डोळ्यांना चांगले दिसत होते, म्हणून ते तसेच राहू दिले. पुढच्या जूनमध्ये आजीने ते गाठोडे सोडून वाफ्यात टाकले. आठ दिवस झाले, दहा झाले. वाफ्यात कुठे कुठे तुरळक हिरवे दिसत होते. मी गेलो तेव्हा ती बांधावर बसून होती. रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "सायेब, खोली लय चांगली हाय. माणसाला राहाया. बियाला नाय."

त्या वाक्यावर मी बरेच महिने विचार केला. आणि थोडे वाचन, थोडी विचारपूस करून जे समजले ते असे.

खाण्याचे धान्य आणि पेरण्याचे बी दिसायला सारखेच असले तरी एक नसते. योसेफाने मिसर देशात कोठारे भरली, हे आपण रविवारच्या शाळेत शिकतो. पण त्याच गोष्टीत पुढे, उत्पत्तीच्या ४७व्या अध्यायात, लोक त्याच्याकडे बियाणेही मागतात, कारण नुसत्या धान्याने पुढच्या वर्षीचे शेत उभे राहत नाही. खाण्याचा दाणा मेला तरी पोट भरते. पेरण्याचा दाणा जिवंतच हवा. तो अगदी मंद श्वास घेत असतो, आणि त्याच्या आत त्याच्या अंकुरापुरती शिदोरी असते. ओलावा आणि उष्णता वाढली की तो वेगाने श्वास घेतो, शिदोरी संपवतो, वरून बुरशी आणि किडे येतात. बाहेरून दाणा होता तसाच दिसतो.

हॅरिंग्टन नावाच्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाने यासाठी एक ढोबळ नियम सांगितला आहे, आणि बियाण्याचे काम करणारे जगभरचे लोक तो वापरतात. दाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्याचे साठवणीतले आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने कमी केले तरी तेवढेच होते. म्हणजे १४ टक्के ओलाव्याचे भात नीट वाळवून १२ टक्क्यांवर आणले, तर त्याचे आयुष्य चौपट. यात कसलेही यंत्र नाही, फक्त ऊन लागते. मला हा हिशेब समजला तेव्हा वाटले, इतकी साधी गोष्ट आपण बांधायला निघण्यापूर्वी कुणाला का विचारली नाही!

दुसरी गोष्ट, दाणा हवेशी सतत देवाणघेवाण करतो. हवा ओली असेल तर तो ओलावा ओढून घेतो, कोरडी असेल तर सोडतो. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास असेल तर भाताचा दाणा साधारण १४ टक्क्यांवर स्थिरावतो. डोंगरावर पावसाळ्यात हवेची आर्द्रता कित्येक दिवस ९०च्या वर असते. अशा हवेत उघड्या गोणीतले बियाणे कितीही वाळवलेले असले तरी काही आठवड्यांत पुन्हा ओलसर होते.

आता आमच्या खोलीकडे पाहा. हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेल्या खिडक्यांनी चार महिने ढग आत घेतला. पंधरा दिवस पाणी मारलेला गिलावा आणि कोबा पुढे कित्येक महिने ते पाणी आतल्या हवेत सोडत राहिला. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड थेट बसत होती. गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडल्या, त्यातून पाणी आत शिरले, आणि बाहेर पडायला सिमेंटने वाट ठेवली नाही. गोण्या कोब्यावर ठेवल्या होत्या, त्यांना खालून ओल आली. पहाटे पत्र्याला आतून घाम येऊन थेंब पडत. आणि पावसाळा संपल्यावर जे काही जगले होते, ते एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली भाजले. एकही चूक अशी नव्हती की जी चांगल्या हेतूने केलेली नव्हती.

मग आजीचे घर मी पहिल्यांदा नीट पाहिले. तोवर त्या घरात मी चहा प्यायला अनेकदा बसलो होतो. कारवीच्या काड्यांचा कूड, त्याला दोन्ही बाजूंनी शेणमातीचे लिंपण, वर कौले, वळचण इतकी खाली की आत जाताना वाकावे लागते. मध्ये चूल. चुलीवर बांबूचा माळा. माळ्यावर मक्याची कणसे, नागलीची बोंडे, भोपळ्याच्या तुंब्यात घेवडा, आणि कोपऱ्यात सारवलेली कणगी. वर्षाचे बारा महिने रोज दोन वेळा चूल पेटते. तिची ऊब माळ्यावरची हवा कोरडी ठेवते, धुराने किडे दूर राहतात. डाळवर्गीय बियाण्यात ती चाळलेली राख मिसळते. राखेमुळे भुंग्याला दाण्यांमधून फिरता येत नाही आणि त्याच्या अंगावरचे मेणाचे आवरण घासले जाऊन तो सुकून मरतो. मातीची भिंत पावसाळ्यात थोडा ओलावा स्वतःत ओढते आणि उन्हाळ्यात सोडते. घर, स्वयंपाक आणि बियाण्याची कोठी या तीन वेगळ्या गोष्टी तिथे नव्हत्याच.

मग आपल्या खोलीची गरजच काय, असे आपण विचाराल. आमच्या एका पाळकसाहेबांनी विचारलेही. गरज आहे, कारण ती घरे जात आहेत. घरकुलाच्या योजनेतून सिमेंटची घरे येत आहेत, आणि ती यायलाच हवीत. दर पावसाळ्यात गळणाऱ्या घरात कुणी राहावे असे मी म्हणणार नाही. गॅसची शेगडी आली, बायांच्या डोळ्यांतला धूर गेला, हेही चांगलेच झाले. पण नव्या घरात माळा नाही, बारमाही चूल नाही, मातीची भिंत नाही. घर बदलले आणि बियाणे बेघर झाले. जुने वाण का गेले याची कारणे सांगताना आपण दुकानातल्या पाकिटांचे नाव घेतो, ते खरेच आहे. पण वाडीतल्या तीन बायांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितले की, नव्या घरात बी टिकेना, म्हणून त्यांनी ते ठेवणे सोडले. हे कारण मी कुठल्या अहवालात वाचलेले नाही.

तर दुसरी इमारत बांधायची ती आजीच्या माळ्याची जागा घेणारी, असे ठरले. या वेळी आराखडा काढण्यापूर्वी आम्ही वाडीत चार बैठका घेतल्या. पहिल्या दोन बैठकांत पुरुषच बोलले. तिसरी बैठक दुपारी, भांडी घासून झाल्यावर ठेवली, तेव्हा कामाचे बोलणे सुरू झाले.

जागेवर सर्वांत जास्त वेळ गेला. ओढ्याजवळची सपाट जागा सोयीची होती, पण तिथे पहाटे धुके साचते. वरच्या सोंडेवर वारा आणि झड. डोंगर कोरून मागची भिंत मातीला टेकवली तर खोली थंड राहील, हा विचार माझाच. पण कोरलेल्या डोंगरातून पावसाळाभर पाझर येतो, आणि उतार तोडणे हीच मुळात धोक्याची गोष्ट. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण डोंगराखाली गेले, आणि १९ जुलै २०२३च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी, तीही ठाकरांचीच वाडी. वाडीतल्या माणसांपुढे ही नावे काढावी लागत नाहीत. शेवटी पूर्वेकडे तोंड असलेला एक माळ निवडला. त्याच्या मागे पश्चिमेला टेकडी आहे, पण पुरेशी लांब. वरून येणारे पाणी दोन्हीकडे वळवायला अर्धचंद्राकृती चर खणला. सकाळचे ऊन अंगणात पडते. त्या अंगणाचे महत्त्व पुढे येईल.

जोते तीन फूट उंच, इथल्याच काळ्या दगडाचे. त्यावर कडाप्प्याच्या लाद्या आणि डांबराचा थर, म्हणजे जमिनीतली ओल वर चढत नाही. दगडी पायामुळे घुशींना पोखरून वर येता येत नाही. भिंती दीड फूट जाडीच्या, मातीच्या भेंड्यांच्या. माती तिथलीच, तीत भाताचा पेंढा आणि शेण कालवले. भेंडे पाडायला वाडीतले सगळे आले. सिमेंटची गोणी राजूरहून आणून डोक्यावर चढवावी लागते. माती पायाखालचीच होती. आतून शेणमातीचे लिंपण आणि चुन्याची सफेदी. पश्चिम आणि दक्षिण बाजूला रुंद पडवी, म्हणजे पावसाची झड भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. मातीच्या भिंतीला पाऊस लागू दिला तर ती विरघळते. तिची टोपी मोठी आणि बूट उंच असले पाहिजेत, हे एका जुन्या गवंड्याचे शब्द.

छपराला मंगलोरी कौले. त्यांच्याखाली अडीच फुटांची पोकळी, आणि मग बांबूच्या चटईवर मातीचा जाड थर दिलेला माळा. कौले तापतात, पण ती उष्णता पोकळीतल्या वाऱ्याने निघून जाते आणि मातीचा थर तिला खाली येऊ देत नाही. बांबू आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला, नाहीतर दोन वर्षांत त्याचे पीठ होते.

या सगळ्याच्या आत आणखी एक खोली आहे. दहा फूट बाय आठ फूट, एकही खिडकी नाही, दाराला रबराची पट्टी, दाराच्या खालच्या अंगाला उंदरांसाठी पत्रा. तिच्या भिंतीत वर दोन आणि खाली दोन असे हातभर झरोके, त्यांना बारीक जाळी आणि घट्ट बसणारी लाकडी झाकणे. राखीव बियाणे इथे राहते. मृग लागला की झाकणे बंद, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उघडायची. हिवाळ्यात दुपारी दोन तास, उन्हाळ्यात पहाटे. भिंतीवर आर्द्रता दाखवणारे घड्याळाएवढे उपकरण लावले आहे. काटा बाहेरपेक्षा आत जास्त दाखवत असेल तर उघडा, कमी दाखवत असेल तर हात लावू नका, एवढाच नियम. हवा खेळती हवी, हा माणसांच्या घराचा नियम मी बियाण्याला लावला होता, तो असा सुधारावा लागला.

एका मुद्द्यावर मी हरलो. बायांना पडवीत चूल हवी होती, तिच्यावर माळा आणि माळ्यावर कणसे. आगीच्या भीतीने मी नाही म्हटले. त्यांनी ऐकले आणि गप्प राहिल्या. पुढच्या वेळी गेलो तेव्हा पडवीच्या टोकाला, मुख्य भिंतीपासून दूर, दगड रचून चूल मांडलेली होती. आता तिथेच चहा होतो आणि तिथेच कणसे टांगलेली असतात. मका आणि नागलीसाठी आतल्या खोलीपेक्षा हीच जागा जास्त वापरात आहे.

इमारत एप्रिलमध्ये पूर्ण झाली आणि तो सबंध पावसाळा आम्ही ती रिकामी ठेवली. त्या दिवाळीत काही देणगीदारांनी विचारले, इतके दिवस कुलूप का? कारण मातीच्या भिंतींनाही सुकायला वेळ लागतो, आणि आत काय होते ते एकदा बियाण्याविना पाहायचे होते. काट्याची नोंद रोज वाडीतली नववीतली एक मुलगी करत होती. वहीत कुठे कुठे चहाचे डाग आहेत, पण एकही दिवस सुटलेला नाही.

जगात याहून मोठी बीजघरे आहेत. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार द्वीपसमूहात २००८ साली डोंगराच्या पोटात बियाण्याची तिजोरी उघडली. तिथे उणे १८ अंशांवर जगभरातले नमुने ठेवलेले आहेत. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या बीजपेढीचे काम थांबले, तेव्हा २०१५ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी आपले ठेवलेले नमुने या तिजोरीतूनच परत नेले. आपल्याकडे लडाखमध्ये चांग ला खिंडीजवळ, सतरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, संरक्षण संशोधन खात्याने असे कोठार उभारले आहे. तिथली हवा मुळातच थंड आणि कोरडी. मी या दोन्हींविषयी वाचले ते थोडा धीर मिळावा म्हणून, आणि मिळालाही. २०१६ साली स्वालबारच्या प्रवेशाच्या बोगद्यात पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी शिरले होते. बियाण्याला धक्का लागला नाही, पण नंतर तो बोगदा नव्याने जलरोधक करावा लागला. पाणी सगळ्या इंजिनिअरांना सारखेच छळते.

पण ते उत्तर आपले नाही. शीतपेटी घ्या, असे काहींनी सुचवले. पावसाळ्यात वाडीची वीज गेली की कित्येक दिवस येत नाही. आणि थंड डबा ओल्या हवेत उघडला की दाण्यांवर लगेच दव धरते. शिवाय तिजोरीतले बी झोपलेले असते, वाडीतले दर एक-दोन वर्षांनी मातीत जाते आणि नवे होऊन परत येते. आपल्या जवळचे खरे उदाहरण याच तालुक्यातले आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण गोळा करायला सुरुवात केली ती आपल्या घरातूनच. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, बीज बँक उभी राहिली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. इमारत नंतर आली, बी राखणाऱ्या बाया आधी होत्या.

म्हणून आता अंगणाविषयी. कुठलीही इमारत ओले बियाणे सुधारू शकत नाही. उलट, ओले बी हवाबंद डब्यात भरले तर ते उघड्यापेक्षा लवकर मरते. आमच्या बीजघराचा सर्वांत महत्त्वाचा भाग हे सारवलेले अंगण आहे. भात झोडपून आणले की पातळ थरात, सकाळच्या आणि उतरत्या उन्हात, दर तासाला हात फिरवून वाळवायचे. भर दुपारच्या तापलेल्या फरशीवर नाही. मग परीक्षा. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. दुसरी परीक्षा मिठाची. काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर बी आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवायचे आणि थोड्या वेळाने पाहायचे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा जास्त आहे, पुन्हा अंगणात. जमले तर बरणी भरायची, वर कापडाच्या पुरचुंडीत भाजलेले तांदूळ किंवा कोळसा ठेवायचा, म्हणजे उरलासुरला ओलावा तो ओढतो. झाकणाला मेण. बरणीवर चिठ्ठी, वाणाचे नाव, कुणाच्या शेतातले, कोणत्या महिन्यात भरले.

आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक बरणीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजायची. पहिल्या खोलीच्या वेळी आम्ही एवढे केले असते तर दिवाळीतच कळले असते आणि आजीचे निम्मे तरी वाचवता आले असते. ऐंशीच्या खाली गेले की ते बी पुढच्या हंगामात पेरून नवे करायचेच, असे बायांनी ठरवले आहे. कुणी शेरभर नेले तर दीड शेर परत करायचे. त्यात एकदा भांडणही झाले, कारण परत आलेले बी नीट वाळवलेले नव्हते. आता ते आजी चावून पाहते. ती नाही म्हणाली की नाही.

तिच्या काळभाताचे काय झाले ते राहिले. त्या वाफ्यात जी तुरळक रोपे उगवली होती, ती तिने एकेक मोजून घराच्या मागच्या खाचरात लावली. त्या वर्षी पसाभर भात झाले. पुढच्या वर्षी ती कोकणात दिलेल्या आपल्या लेकीकडे जाऊन आली. लग्नात तिने लेकीच्या पदरात बांधून दिलेले बी तिथे अजून होते. त्यातले दोन ओंजळी घेऊन आली. वालाच्या एका जातीचे मात्र कुठेच सापडले नाही. पांढरा, पाठीवर तपकिरी रेघ असलेला. ओळखीच्या प्रत्येक वाडीत विचारून झाले. ती बरणी आम्ही फळीवर चिठ्ठी लावून रिकामी ठेवली आहे. आपल्यापैकी कुणाच्या गावी, घाटात किंवा कोकणात, असा वाल दिसला तर जरूर कळवा.

गेल्या दिवाळीनंतर, पूर्ण पावसाळा काढलेल्या काळभाताची उगवण मोजली. आजीला मोजता येते ते वीसपर्यंत, म्हणून विसा-विसाच्या पाच रांगा मांडल्या. प्रत्येक रांगेत एखाद-दुसराच दाणा तसाच पडून होता. तिने सगळ्या रांगा पुन्हा एकदा मोजल्या, मग मोड आलेले दाणे पदरात घेऊन कोंबड्यांना टाकायला गेली.

पहिली खोली पाडलेली नाही. तिथे आता फवाऱ्याचे पंप, कुदळी आणि वाडीच्या लग्नाची मोठी भांडी ठेवतात, त्यासाठी ती उत्तम आहे. बीजघराची देखभाल मात्र दरवर्षी लागते. माती आणि कौले यांना सिमेंटसारखे बांधून विसरता येत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शाकारणी आहे. कौले उतरवून, फुटलेली बदलून पुन्हा लावायची, चर साफ करायचा, पश्चिमेची भिंत लिंपायची. ज्या मंडळ्यांतील तरुणांना यायचे असेल त्यांनी पत्रिकेच्या पत्त्यावर आधी कळवावे. राजूरपर्यंत एसटी येते, पुढे आम्ही घ्यायला येऊ, शेवटचा टप्पा चालत. जेवण पडवीतल्या चुलीवरचे असेल. काळभात मात्र मिळणार नाही, तो अजून खाण्याइतका झालेला नाही.